हजारात सात

काकांच्या घरात शिरायला बाकडं ओलांडावं लागायचं. दार उघडलं की समोरच आडवं टाकलेलं लाकडी बाकडं, गुडघ्याएवढं उंच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आधी त्याच्यावर बसायचं. बाहेरची चप्पल अलीकडे काढायची, पाय उचलून पलीकडे घ्यायचे आणि तिकडे ठेवलेली रबरी स्लीपर घालायची. बाहेरची चप्पल पलीकडे जाणार नाही, घरातली स्लीपर अलीकडे येणार नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, सोवळं असेल. पण घरात देवाचा फोटोसुद्धा नव्हता. मग वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी असेल, काम धरू नये. पण पलीकडे माझ्यासाठी नवी स्लीपर ठेवली होती, अगदी मापाची. आदल्या दिवशी मी कामाचं विचारायला आले होते, तेव्हा माझे पाय बघून अंदाजाने आणली म्हणाले. मी काम धरलं.

काका वारले त्याला आता दोन पावसाळे झाले. त्या घरात दुसरे लोक राहतात. मी अजून त्याच बिल्डिंगमध्ये तीन घरची कामं करते.

मी गोडदेवला चाळीत राहते. माहेर महाडकडचं. शाळा चौथीपर्यंत, कारण गावात शाळाच चौथीपर्यंत होती. मला बोलायला जमत नाही. मनात सगळं असतं, पण तोंडापर्यंत येईतो समोरच्याचं बोलणं पुढे गेलेलं असतं. मी कामाला जाते त्या पूनम सागर बिल्डिंगमधल्या घरांत ते चालून जातं. भांडी घासायला बोलावं लागत नाही.

काका मला "ताई, तुम्ही" म्हणायचे. ही एक गोष्टसुद्धा बिल्डिंगमध्ये हसण्यासारखी होती.

त्यांची नोकरी दूर दुसऱ्या राज्यात झाली, अणुभट्टीचं इंधन बनवायच्या कारखान्यात. तिथे कपडे बदलायच्या खोलीत असंच बाकडं असायचं. अलीकडे घरची चप्पल, पलीकडे कामाचे बूट. तिकडची धूळ पायाला लागून घरी जायला नको म्हणून. "तीस वर्षं ओलांडलं," ते म्हणायचे. "आता बाकड्याशिवाय आत गेलो की काहीतरी विसरल्यासारखं होतं." गॅसवाल्याचं आणि त्यांचं दर खेपेला भांडण व्हायचं. एकदा तो सिलिंडर खांद्यावर घेऊन बाकड्यापाशी उभा राहिला आणि ओरडला, "अंकल, सिलिंडर को भी चप्पल पहनाऊँ क्या?" काकांनी खाली वाकून सिलिंडरचं बूड फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "अब लाओ."

कारखान्यात त्यांचं काम बघायचं होतं. नुसतं बघायचं. युरेनियमची पूड दाबून, भट्टीत भाजून तिचे छोटे तुकडे करतात, बोटाच्या पेराएवढे, काळे, गोल. त्याला पेलेट म्हणतात. ते नळ्यांमध्ये भरायचे आणि नळ्यांची जुडी बांधून अणुभट्टीत घालायची. पण भरायच्या आधी काका पांढऱ्या दिव्याखाली बसून एकेक पेलेट फिरवून बघायचे. टवका उडालाय का, चीर गेलीय का. वाईट निघालं तर बाजूला. "मी शास्त्रज्ञ नाही हो," ते सगळ्यांना सांगायचे, "मी निवडणारा."

ती सवय सुटली नव्हती. भाजीवाल्याच्या गाडीपाशी ते लिंबं एका ओळीत मांडायचे आणि एकेक फिरवायचे. भय्या कावायचा. "अंकल, निंबू है, सोना नहीं है." काका म्हणायचे, "सोने को इतना नहीं देखते." माझ्या भाकरीसुद्धा ते ताटात घेतल्यावर एकदा उलटून बघायचे. मला सुरुवातीला राग यायचा. मग बघितलं की कड फुटलेली भाकरी ते बाजूला ठेवतात, पण टाकत नाहीत. संध्याकाळी ताकात कुस्करून खातात. कारखान्यात वाईट निघालेलं पेलेटही टाकत नसत म्हणे. पुन्हा दळायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा भाजायचं.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. काका समोर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, हजार दाणे मोजूया का?" मोजले. शंभराच्या दहा ढिगल्या केल्या. त्यातल्या सात दाण्यांना त्यांनी ओली हळद लावली आणि सगळं एकत्र केलं.

"हे युरेनियम," ते म्हणाले. "जमिनीतून निघतं तसं. हजारात सात पिवळे. त्यांना म्हणायचं दोनशे पस्तीस. बाकीचे दोनशे अडतीस. आपल्या कामाचे हे सात."

"का?" असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. हे पस्तीसवाले फुटतात. एक फुटला की त्यातून बारीक कण उडतो, तो दुसऱ्या पस्तीसाला लागतो, मग तोही फुटतो. त्याची ऊब होते. त्या उबेने पाणी तापतं, वाफ होते, वाफेने चाक फिरतं, आणि वीज होते.

मग त्यांनी ते हजार दाणे पातेल्यात घालून पाण्याने धुतले. हळद निघून गेली. "आता शोधा सात."

मी हसले.

"हसू नका. खरं असंच असतं. रंग तोच, रूप तेच. भाजा, उकळा, दोघं सारखेच वागतात. फरक फक्त वजनाचा. दोनशे अडतीसात तीनचा. कसे शोधाल?"

मला सूप आठवलं. पाखडताना हलकं पुढे येतं, जड मागे राहतं. पण मी बोलले नाही. वाटलं, इतक्या मोठ्या कामात सूप कसलं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुम्ही सुपात पाखडता ना, तसंच काहीतरी. त्याचा वायू करतात आणि उभ्या नळकांड्यांत जोरात फिरवतात. जड कडेला जातं, हलकं मध्ये राहतं. एकदा फिरवून काही होत नाही. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी हजारो नळकांडी लागतात. मग सातचे तीस-चाळीस होतात." मला दिवसभर वाईट वाटलं. उत्तर माझ्याकडे होतं.

आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांना निवडलेलं लागत नाही, हजारात सातवरच चालतात, हेही त्यांनी सांगितलं. त्यांत जड पाणी म्हणून एक पाणी असतं. त्यातून जाताना ते कण हळू होतात. धावत आलेला कण बाजूने निघून जातो, हळू आलेला लागतो. "म्हणून मी हळू बोलतो," काका म्हणाले. आणि अडतीसवालेही अगदी फुकट जात नाहीत, भट्टीत राहून राहून त्यातल्या काहींचं दुसरंच काहीतरी होतं आणि तेही ऊब द्यायला लागतात. त्या दाण्यांचा मी भात केला. चार घास झाला.

घरी सांगितलं तर आमचे मालक हसले. ते टेम्पो चालवतात. तेव्हापासून रोज विचारायचे, "काय म्हणतोय तुझा बॉम्बवाला?"

मग माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. चाळीत दुपारी पत्रा तापतो, म्हणून काका म्हणाले, "तिला इकडे आणत जा. पंख्याखाली बसेल." ती यायची, बसून भाजी निवडायची. काका तिलाही तांदूळ मोजायला लावायचे. ती माझ्यासारखी नाही, सारखी विचारायची. "काका, मग सातच का, आठ का नाही हो?" काका खूश.

एक दिवस काका बाजारात गेले होते. मी फरशी पुसत होते, मुलगी कपाटावरची धूळ पुसत होती. तिथे एक स्टीलची डबी होती. मी ती रोज पुसून ठेवायचे, कधी उघडली नव्हती. तिने उघडली.

"आई, काय गं हे? केवढंसं आहे आणि जड किती!"

तिच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा काळा गोल तुकडा होता. काकांनी सांगितलं होतं अगदी तसा. मी तो तिच्या हातातून ओढून डबीत टाकला आणि तिचे हात तीनदा साबणाने धुतले. ती विचारत राहिली, "अगं, झालं काय?" मी तिचे हात पदराला पुसले. काका पिशवी घेऊन आले, बाकड्यावर बसले, माझ्याकडे बघून हसले. तेव्हा एक शब्द विचारायचा होता. विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीला घरीच ठेवलं.

मी कुणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनने भांडी घासताना माझं तोंड बघून विचारलं, "क्या हुआ रे? लडकी ठीक है ना?" आणि सगळं बाहेर पडलं. अंकलच्या घरी युरेनियम आहे. माझ्या पोरीने हातात घेतलं. पोटातल्या बाळाला काही होईल का?

"हाय हाय," बेन म्हणाली. "मेरे को पहले से डाउट था. वो बेंच किसलिए रखा है, बोल!"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने काकांची पिशवी खाली वॉचमनकडेच ठेवली. आयांनी मुलांना काकांच्या खिडकीखाली खेळू देणं बंद केलं. जिन्याने जाणारे लोक पहिला मजला आला की भिंतीला चिकटून चालायला लागले. चौथ्या दिवशी घरमालकाचा फोन आला. पुढच्या महिन्यात घर रिकामं करा. काका बाहत्तर वर्षांचे होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ घराकडे बघत राहिले, कुठलं सामान कुठं जाईल असं मनात बघत असावेत.

मग मला म्हणाले, "ताई, वस्तू डबीत होती. डबी घरात. मग बातमी बाहेर कशी गेली असेल हो?"

विचारलं तेही रागाने नाही. गणित सुटत नाही तसं. मी फडकं पिळत राहिले.

दोन दिवस मी तशीच येऊन जाऊन काम केलं. रविवारी सोसायटीची मीटिंग लावली होती, काकांना बोलावलं होतं. शुक्रवारी मी चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि उभी राहिले. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, "मी सांगितलं."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. ऐकून पहिलं काय विचारलं, तर, "पोर फार घाबरली का?"

"ती नाही. मीच."

ते उठले, डबी आणली. "लोखंड आहे हे. रिटायर झालो तेव्हा वर्कशॉपमधल्या मित्रांनी लेथवर करून, काळं करून दिलं. आठवण म्हणून. तिथून खऱ्याचा कणसुद्धा बाहेर निघत नाही, दारातच यंत्राला कळतं."

"पटलं," मी म्हणाले.

"कशावरून पटलं?"

"तुम्ही म्हणताय म्हणून."

"तसं नको," ते म्हणाले आणि तोंड बारीक करून बसले. मी बाकडं बघत होते. काय झालं माहीत नाही, मी विचारलं, "आणि खरं असतं तर?"

ते एकदम ताठ बसले. इतक्या वर्षांत माझा हा पहिला प्रश्न होता. "खरं असतं आणि भट्टीत न घातलेलं असतं, तर क्षणभर हातात धरून बाळाला काही झालं नसतं. त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये, त्यासाठी बाकडं, हातमोजे, सगळं. भट्टीतून निघालेलं असतं, तर मात्र तुम्ही, मी, कुणीच इथे बोलत बसलो नसतो. त्याच्याजवळ माणूस जातच नाही. तुम्ही घाबरलात ते चूक नाही ताई. मीही घाबरूनच काम केलं. कशाला घाबरायचं ते कळलं पाहिजे, एवढंच."

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमचं घर जातंय."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग बायकोचं सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. तिचं पोटातलं मूल दोनदा अर्ध्यातच गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, कारण सापडत नाही. पण तिच्या आईने ठरवलं की जावयाच्या नोकरीमुळे. काका रोज कारखान्यात आंघोळ करून घरी यायचे, तरी बायको शेवटपर्यंत त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. त्यांच्या सख्ख्या बहिणीने आपलं मूल कधी त्यांच्या हातात दिलं नाही. "दादा, रागावू नकोस हं," म्हणायची.

"मी बायकोला 'काही होत नाही' एवढंच सांगायचो," काका म्हणाले. "समजावून नाही दिलं. दमून यायचो. वाटायचं, मी सांगतोय ना, मग पुरे. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी बसून सांगितलं नाही." मग म्हणाले, "तुम्हाला रोज शिकवत होतो. विचारायला शिकवलं नाही. माझीच चूक."

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. काका ताटात तांदूळ घेऊन आले. सेक्रेटरी म्हणाला, "अंकल, आपसे कोई प्रॉब्लेम नहीं है. लेकिन बच्चेवाली बिल्डिंग है."

काकांनी सुरू केलं, "देखिए, ये हजार दाने हैं, इसमें सात..."

"अंकल, वो सब छोडो. चीज घर में है की नहीं?"

"है," म्हणून काकांनी डबी उघडून तुकडा ताटात ठेवला. सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. काकांनी सांगितलं, लोखंड आहे. एकजण ओरडला, "हम कैसे मान लें?"

"मानो मत," काका म्हणाले. "समझो."

कुणी ऐकत नव्हतं. सगळे एकदम बोलत होते. मी मीटरच्या पेटीपाशी उभी होते, मुलगी माझ्या शेजारी. तिला मीच आणलं होतं. मी पुढे गेले. "मैंने बोला था," मी म्हटलं. आवाज निघाला नाही, पुन्हा म्हटलं. "मैंने बोला था सबको. मेरे को अंकल को पूछने का था. मैंने पूछा नहीं." मग मी ताटातून तो तुकडा उचलला, मुलीला म्हटलं, "हात दे," आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली. ती आठ महिन्यांचं पोट घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिली.

बेन उठली, वर गेली आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन आली, आंब्याच्या आकाराचं. मुलीच्या हाताजवळ नेलं. टक्कन चिकटलं. "लोहा है," बेन म्हणाली, आणि लोक हसायला लागले.

काकांना ते आवडलं नाही. ते रागावले. मी त्यांना रागावलेलं तेव्हाच पाहिलं. "हँसकर घर जाओगे. लोहा क्या है, वो समझा. युरेनियम क्या है, वो तो नहीं समझा ना? बैठो." आणि सेक्रेटरीसकट सगळ्यांना बसवून अर्धा तास तांदूळ शिकवला. थोडे उठून गेले. बरेच बसले. बेनने दोन प्रश्न विचारले. घरमालकाचा फोन पुन्हा आला, राहा म्हणाला, आणि सोमवारी दुधाची पिशवी दारात होती.

मुलीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी चाळीत बारसं केलं. मी काकांना सांगितलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. नवा शर्ट होता, हातात झबल्याचा पुडा. आमच्या मालकांनी स्वतः खुर्ची दिली, "बसा काका," म्हणाले. काका दाराजवळच बसले आणि हात मांडीखाली घालून ठेवले. बायका पाळणा म्हणत होत्या. नाव ठेवून झालं. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. काकांपर्यंत आलं की बाया त्याला वळवून दुसरीकडे न्यायच्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, पुरुषमाणसाकडे एवढंसं बाळ कुणी देत नाही. काका बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

मी बाळ घेतलं आणि त्यांच्यापाशी गेले. "हात काढा," मी म्हटलं.

"नको हो ताई. मला येत नाही."

"मी सांगते. डोक्याखाली एक हात धरायचा. दुसरा खाली. असा."

मी त्यांचे हात धरून लावून दिले आणि बाळ ठेवलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, थोडं ताणलं आणि नव्या शर्टावर मुतलं. सगळ्या बाया हसल्या. मुलगी दुपटं घेऊन धावली, "अगंबाई! काका, द्या इकडे, सगळं ओलं केलं तिने."

काकांनी मान हलवली. "राहू दे."

घुगऱ्या वाटून झाल्या, पानं उठली, बायका आपापल्या घरी गेल्या. मी दोनदा विचारलं, घेऊ का, हात अवघडले असतील. दोन्ही वेळा त्यांनी बाळावरून नजर न काढता नाही म्हटलं.